राखणदारांनीच बंड का केलं?

पुरंदर तालुक्यातल्या एका वाचकाने तीन गोष्टी एका दमात विचारल्या आहेत. शाळेच्या पुस्तकात 1818 ला पेशवाई बुडते आणि पुढच्याच धड्यात 1857 उजाडतं, मग मधली चाळीस वर्षं आपली माणसं गप्प बसली होती का? उमाजी नाईक क्रांतिकारक की दरोडेखोर? कारण घरात एक ऐकलंय आणि इंग्रजी कागदांत दुसरंच वाचायला मिळतं. आणि त्यांच्या जमिनीच्या जुन्या कागदावर ‘इनाम वर्ग 6-ब’ असा शेरा आहे, त्याचा या सगळ्याशी काही संबंध लागतो का?

तिसरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारलाय. पण मी गेली तीस वर्षं मोडी कागद वाचतो आणि मला विचाराल तर खरी गोम तिथेच आहे. तिथवर जायला थोडा वळसा पडेल, तेवढा सोसा.

गप्प कुणीच नव्हतं. 1818 पासूनच खानदेशात भिल्लांवर फौजा निघाल्या. 1824 मध्ये कित्तूरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुरंदरच्या डोंगरात रामोशी उठले, 1828 च्या सुमारास अकोले-जुन्नरकडचे महादेव कोळी उठले, 1844 मध्ये कोल्हापूरचे गडकरी आणि त्यांच्या पाठोपाठ सावंतवाडी. तेव्हाच राघोजी भांगरे घाटमाथ्यावर सरकारला झोप लागू देत नव्हता. तो हाती लागायला 1848 उजाडलं. यात कुणी राजा-महाराजा आघाडीवर नाही, कित्तूरची चन्नम्मा सोडली तर. म्हणूनच हे पाठ्यपुस्तकात एखाद्या परिच्छेदात उरकतं.

या नावांची यादी मीही वर्गात बरीच वर्षं सांगत असे: रामोशी, भिल्ल, कोळी, गडकरी. मुलं पाठ करायची, मार्क मिळवायची. मग एकदा कागद लावताना लक्षात आलं की ही सगळी माणसं एकाच धंद्यातली आहेत. रामोशी गाव राखायचा आणि किल्लाही. गडकरी किल्ला राखायचा. कोळी नाईक घाट राखायचे. भिल्ल नाईक सातपुड्याच्या वाटा राखायचे आणि त्याबद्दल गावांकडून, जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर ठरावीक हक्क घ्यायचे. इंग्रजांविरुद्ध सगळ्यात आधी उठले ते राखणदार. हे एकदा ध्यानात आलं की चाळीस वर्षांची उकल बरीच सोपी होते.

राखण म्हणजे नक्की काय, ते जरा जवळून पाहू. गावात रात्री चोरी झाली, बैल गेला किंवा घर फोडलं, तर जबाबदार रामोशी. सकाळी तो घराभोवतीची माती बघायचा. चोराच्या पावलाचा ठसा सापडला की काठीने त्याचं माप घ्यायचं आणि माग काढत निघायचं. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तिथल्या राखणदाराला बोलवून ठसा दाखवायचा, माप हवाली करायचं. तिथून पुढे जबाबदारी त्या गावाची. त्याने माग पुढच्या शिवेवर पोचवला तर तो सुटला. ज्या गावात माग जिरला, त्या गावाने किंवा तिथल्या राखणदाराने माल परत करायचा नाही तर भरून द्यायचा. पेशवाईनंतर इथला कारभार लावणाऱ्या एल्फिन्स्टनने दख्खनच्या मुलुखावर 1819 मध्ये जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीचं वर्णन आहे. या जोखमीच्या बदल्यात राखणदाराला काय मिळायचं? शेतावर धान्याचा वाटा, थोडी इनाम (म्हणजे चाकरीबद्दल दिलेली) जमीन, सणासुदीचे मान. पगार असा नव्हताच. जमीन हाच पगार आणि हक्क हीच अब्रू.

(रामोशी स्वतःच चोऱ्या करत नसत का, असं कुणीतरी विचारतंच. काही करत. शेजारच्या गावच्या राखणदाराशी वैर असेल तर त्याच्या हद्दीत चोरी घडवून आणणं हा जुना डाव होता. मी त्यांना देवपण द्यायला बसलेलो नाही.)

आता 1818. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण त्याच्या आदल्या वर्षी, 17 नोव्हेंबर 1817 ला लागलं आणि ते लावायला पुढे कोण होतं हे आपल्याला नावानिशी माहीत आहे: बाळाजीपंत नातू. 3 जून 1818 ला दुसरा बाजीराव इंग्रज सेनापती माल्कमच्या हवाली झाला. त्याला बिठूरला पाठवलं आणि सालाना 8 लाख रुपये तनखा बांधून दिला. हा आकडा लक्षात ठेवा.

एल्फिन्स्टन मोठा सावध माणूस. त्याने वरच्या थराला धक्का लागू दिला नाही. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. पटवर्धन वगैरे जहागीरदारांशी वेगळे तह केले. ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवली, 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. देवस्थानांची इनामं तूर्त राहिली. त्याचं गणित सरळ होतं: ज्यांच्या हाती लेखणी आणि पैसा आहे त्यांना दुखवू नका, म्हणजे मुलूख शांत राहील. लेखणीवाले खरंच शांत राहिले. हिशेब चुकला तो खाली. किल्ल्यांवरच्या शिबंद्या (पहाऱ्याच्या तुकड्या) मोडल्या, कारण कंपनीला त्या किल्ल्यांची गरज नव्हती आणि ते शत्रूच्या हाती लागायला नको होते. नाशिक-नगरकडच्या कित्येक किल्ल्यांचे जिने सुरुंग लावून उडवले. आज अलंग-मदनला जाणारे गिर्यारोहक जिथे दोर बांधतात, तिथे कधीकाळी नीट पायऱ्या होत्या. पायऱ्या गेल्या तशी त्यांवर पहारा देणाऱ्याची भाकरीही गेली. पेशव्याला 8 लाख आणि गडावरच्या नाईकाला ‘तुमचं काम संपलं’.

पुरंदरची गोष्ट मात्र थोडी गुंतागुंतीची आहे आणि ती आपल्याला गैरसोयीची वाटते म्हणून सहसा सांगितली जात नाही. तिथल्या रामोशांकडून किल्ल्याची राखण पहिल्यांदा काढली ती इंग्रजांनी नव्हे, दुसऱ्या बाजीरावाने, 1803 मध्ये. आदल्या वर्षाच्या 31 डिसेंबरला त्याने वसईचा तह केला होता, म्हणजे तोवर तो इंग्रजी फौजेच्या जिवावरच गादीवर होता. रामोशांनी किल्ला सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांचे हक्क आणि जमिनी जप्त झाल्या. उमाजी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. त्याचा जन्म 7 सप्टेंबर 1791 चा, गाव भिवडी, पुरंदरच्या पायथ्याशी. बाप दादोजी खोमणे याच किल्ल्याचा राखणदार. पुढे कंपनीचं राज्य आलं, तेव्हा या लोकांना वाटलं असणार की नवा धनी जुना अन्याय दूर करेल. नव्या धन्याने त्यावर कायमचा शिक्का मारला.

उमाजी आधी लहानसहान गुन्ह्यांत सापडला, तुरुंगात गेला, आणि तिथे लिहा-वाचायला शिकला असं सांगतात. 1826 च्या सुमारास त्याच्याभोवती माणसं जमू लागली. सावकार लुटायचे, सरकारी खजिना अडवायचा, डोंगरात पसार व्हायचं. गावकरी बातमी देत नव्हते, पाटील अडवत नव्हते. अखेर सरकार 1827-28 मध्ये काय करतं पाहा: उमाजीला आणि त्याच्या माणसांना माफी देतं, जमिनी परत करतं आणि डोंगरी पोलीस म्हणून चाकरीला ठेवतं! जे काम काढून घेतल्यामुळे बंड झालं, तेच काम बंड शमवायला परत दिलं. एवढं साधं उत्तर दहा वर्षं आधी सुचलं असतं तर पुढचं कदाचित घडलंच नसतं.

पण तोवर उमाजीची भूक बदलली होती. नोकरीत असतानाच त्याने स्वतःचा अंमल बसवायला सुरुवात केली, गावांकडून वसूल मागू लागला, तक्रारी ऐकून निवाडे देऊ लागला. 16 फेब्रुवारी 1831 चा त्याचा जाहीरनामा वाचला तर राखणीचा हक्क हा विषय मागे पडलेला दिसतो. इंग्रजांच्या नोकऱ्या सोडा, त्यांना महसूल देऊ नका, दिसेल तिथे युरोपियनांना मारा, खजिने लुटा, जे साथ देतील त्यांना नव्या राज्यात जहागिरी-इनामं मिळतील. शेतसारा बंद करा, असं जाहीर कागदावर लिहिणारा माणूस दरोडेखोर या शब्दात मावत नाही. त्याच वर्षी 15 डिसेंबरला भोरजवळ उत्रोळीला तो फितुरीने पकडला गेला. डोक्यावर 10,000 रुपये आणि 400 बिघे जमीन असं इनाम लावलेलं होतं. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात खडकमाळ आळीत फाशी. त्याच्या मागावर असलेला कॅप्टन मॅकिन्टॉश याने पुढच्याच वर्षी रामोशांवर एक सविस्तर पुस्तक लिहिलं. ज्याला पकडायचं त्याची जात, भाषा, देव, चालीरीती असं सगळं नीट लिहून ठेवण्याची ही इंग्रजांची सवय. आपल्याला आज उमाजीबद्दल जे कळतं त्यातलं पुष्कळ त्याच्या शत्रूच्या वहीतून कळतं.

कोळ्यांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर लांबेल. रामजी भांगरे आणि त्यानंतर त्याचा मुलगा राघोजी, गाव अकोले भागातलं देवगाव. घाट आणि किल्ले राखणारी ही घराणी. हक्क गेले, त्यात सारा रोखीत भरायचा म्हणून सावकार दारात आला. राघोजीच्या लोकांनी सावकारांची नाकं कापली, हे सरकारी नोंदींत पुन्हा पुन्हा येतं. जीव न घेता नाक कापायचं, कारण नाक गेलेला सावकार गावात तोंड दाखवू शकत नाही. राघोजी 1848 च्या जानेवारीत पंढरपूरला, वारकऱ्यांच्या गर्दीत लपलेला, पकडला गेला आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

गडकऱ्यांपाशी मात्र थांबायला हवं. माझ्या मते या सगळ्या कालखंडातली ही सगळ्यात स्वच्छ वाचता येणारी घटना आहे.

कोल्हापूरला 1838 नंतर राजा अल्पवयीन. इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित याला कारभारी नेमलं. माणूस कार्यक्षम, हिशेबाला पक्का आणि लोकांना नको झालेला. कार्यक्षम माणसं अशा वेळी फार नुकसान करतात. पन्हाळा, सामानगड, भुदरगड, विशाळगड, रांगणा या किल्ल्यांवर गडकरी पिढ्यान् पिढ्या राहत आणि चाकरीबद्दल पायथ्याच्या जमिनी कसत. या जमिनींची व्यवस्था गडाकडे होती, बाहेरच्या कुणाचा तिथे शिरकाव नव्हता. दाजी पंडिताने त्या मामलेदाराच्या देखरेखीखाली आणल्या. कागदोपत्री हा बदल क्षुल्लक: जमीन तुमचीच, फक्त हिशेब आता कचेरीत. पण गडकऱ्यांना पुढचं पाऊल ताबडतोब दिसलं. आज हिशेब कचेरीत गेला, उद्या सारा लागेल, परवा ‘गडाची गरजच काय’ असं विचारतील. आजूबाजूच्या कंपनीच्या मुलखात हेच झालेलं त्यांनी पंचवीस वर्षं पाहिलं होतं.

1844 च्या जुलैत, भर पावसात, सामानगडाने दरवाजे लावून घेतले. भुदरगडाने तेच केलं. पहिल्यांदा आलेल्या तुकड्यांना भुदरगडच्या लोकांनी पिटाळून लावलं. ऑक्टोबरात सामानगड पडला, पण तोवर खुद्द कोल्हापूर शहर पेटलं होतं, दाजी पंडित कैदेत होता. गडकऱ्यांनी कर्नल ओव्हन्सलाही वाटेत पकडून पन्हाळ्यावर नेऊन ठेवला. ज्याला आपण राज्यकारभार सुधारायला पाठवला तो आपलाच अधिकारी गडावर कोंडलेला, ही नामुष्की मुंबई सरकारला फार लागली. जनरल डेलामोटची फौज आणि तोफा आल्या. 1 डिसेंबर 1844 ला पन्हाळा आणि त्याच दिवशी पावनगड घेतला. बंडाचा पुढारी बाबाजी अहिरेकर लढताना पडला. तिकडे सावंतवाडीत फोंड सावंत तांबुळकर आणि मनोहरगडचे लोक उठले होते, तेही जानेवारीपर्यंत मोडले. बरेच जण गोव्याच्या हद्दीत गेले.

पन्हाळ्याला जाता तेव्हा गाडी जिथून गावात शिरते तिथे आजूबाजूला बघा. तो चार दरवाजा होता. 1844 नंतर इंग्रजांनी तो पाडला, म्हणून आज वाहनं आत जातात. तीन दरवाजा पाहायला पर्यटक गर्दी करतात, चार दरवाज्याचे अवशेष मात्र कुणी पाहत नाही. आणि या सगळ्या मोहिमेचा खर्च कुणावर टाकला? कोल्हापूर संस्थानावर. गडकऱ्यांच्या चाकऱ्या कायमच्या बंद झाल्या. त्यांना जी भीती होती ती बंडामुळेच दहा-वीस वर्षं लवकर खरी झाली, असंही म्हणता येईल. पण बंड केलं नसतं तर वाचले असते, असं मला वाटत नाही.

खानदेशात इंग्रजांनी वेगळा धडा गिरवला. आधी सात वर्षं मारझोड केली, काही साधलं नाही. मग 1825 मध्ये आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. तो भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा-उठायचा. माजी बंडखोरांनाच वर्दी चढवली आणि त्यांच्याच भाऊबंदांवर सोडलं. ही युक्ती चालली, हे कबूल करायला हवं. पण तीस वर्षांनी काय झालं तेही बघा. खाज्या नाईक सेंधवा घाट राखायच्या सरकारी चाकरीत होता. एका प्रकरणात शिक्षा होऊन ती चाकरी गेली, सुटून आल्यावर पुन्हा मिळाली, आणि 1857 मध्ये हाच राखणदार भीमा नाईकाबरोबर उठला. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. तिथे भिल्ल बायकाही मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या. घाटाची राखण देणारा आणि घेणारा बदलत राहिला, घाट तोच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कित्तूरच्या राणीनंतर बंड चालवणारा संगोळ्ळी रायण्णा शेतसनदी होता, म्हणजे चाकरीबद्दल जमीन कसणारा गावचा शिपाई. 26 जानेवारी 1831 ला नंदगडला त्याला फाशी झाली, उमाजीच्या जाहीरनाम्याच्या तीनच आठवडे आधी. तमिळ मुलखातले पाळेगार, म्हणजे छोटे सरदार, गावांकडून ‘कावल’ घ्यायचे, कावल म्हणजे राखणच. कंपनीने त्यावर हात टाकला आणि तिथली झुंज पेटली. वीरपांड्य कट्टबोम्मनला 1799 मध्ये फाशी दिलं. मेदिनीपूरला त्याच सुमारास चुआड उठले, कारण पाइकांच्या (चाकरीतल्या शिपायांच्या) जमिनी सरकारजमा होत होत्या. ओडिशात खुर्द्याच्या पाइकांनी 1817 मध्ये बक्षी जगबंधूच्या मागे शस्त्र धरलं, तिथेही तीच जमीन. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या या माणसांच्या तक्रारी शेजारी-शेजारी ठेवल्या तर एकाच कारकुनाने लिहिल्यासारख्या वाटतात.

सगळ्याच उठावांना ही चावी लागत नाही, हेही सांगून टाकतो. 1806 चं वेल्लोर हे पलटणीतल्या शिपायांचं, पगडी-गंधावरून भडकलेलं प्रकरण. 1855 चा संथाळांचा हूल जंगल तोडून शेती केलेल्या लोकांचा होता, सावकार आणि जमीनदारांविरुद्ध. आणि शेतकऱ्याचं दुखणं राखणदारापेक्षा वेगळंच होतं, त्यावर दोन शब्द.

तुम्ही जमीन गुंठ्यात मोजता. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. हा 33 कुठून आला? कंपनीच्या मोजणीदाराच्या साखळीतून. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. त्याआधी बिघा-चाहूर चालायचे आणि ते गावागणिक, जमिनीच्या कसागणिक बदलायचे. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1827 पासून पुणे भागात मोजणी केली आणि खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाच्या 55 टक्के सारा असं ठरवलं. कागदावर फार शास्त्रीय. प्रत्यक्षात खालच्या नोकरांनी पैसे खाऊन आकडे फिरवले, धान्याचे भाव पडले आणि इंदापूरकडची गावं ओस पडू लागली. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नवी मोजणी केली, सारा उतरवला आणि 30 वर्षांसाठी बांधून दिला. पळालेले शेतकरी परत आले, पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. म्हणून शेतकरी त्या काळात उठला नाही. तो उठला 1875 ला, सुप्याच्या बाजारात, 12 मे रोजी, सावकारांच्या कर्जखतांच्या होळ्या करत. तीस वर्षांचा करार संपून सारा वाढला होता आणि अमेरिकेतल्या युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव कोसळला होता. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

मग ही सगळी बंडं मोडली का? सरळ कारण असं की प्रत्येकाची राखण आपल्या शिवेपुरती होती. माग शेजारच्या हद्दीत गेला की आपली जबाबदारी संपली, हीच ज्याची पिढीजात शिकवण, त्याचं बंडही त्याच हद्दीत राहिलं. उमाजीने तिच्याबाहेर पाऊल टाकायचा प्रयत्न केला, तेवढाच. त्यात इनामाच्या रकमा आणि फितुरी. त्यात साताऱ्यासारखी जागा, जिथे प्रतापसिंहांना 1839 मध्ये पदच्युत करून काशीला नेलं, तरी त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन चौदा वर्षं अर्ज-विनंत्या करत राहिले. लेखणीवाल्यांचा अजून अर्जावर विश्वास होता. त्यांचा विश्वास उडायला इनाम कमिशन यावं लागलं. 1852 च्या कायद्याने त्या कमिशनला दात आले आणि हजारो इनामदारांना सनदा दाखवायला लावल्या, ज्यांना दाखवता आल्या नाहीत त्यांची इनामं गेली. 1818 ला खालच्या राखणदाराच्या दारात जे आलं होतं, ते तीसेक वर्षांनी वरच्या इनामदाराच्या दारात आलं.

पुण्यात मी जे पेशवे दप्तर वाचत आलो, तेही काही इतिहासप्रेमाने जपलेलं नाही. कंपनीला कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं खोटं हे ताडून पाहायचं होतं, म्हणून ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळले गेले. बरीच वर्षं ते जिथे होते त्या कचेरीचं नावच एलिएनेशन ऑफिस, म्हणजे दुमाला (सरकारने इनाम वगैरे देऊन सोडलेल्या) जमिनींची कचेरी. मी पहिल्यांदा तिथले रुमाल सोडले तेव्हा मला वाटलं होतं, स्वराज्याचा इतिहास हाती लागतोय. लागला तो हक्कांच्या भांडणांचा ढीग: कैफियती, करीने, जबान्या, ‘वडिलांपासून चालत आलं आहे’, ‘भोगवटा आमचा आहे’. सुरुवातीला कंटाळा यायचा. आता मला त्यातच सगळं दिसतं.

तर दुसऱ्या प्रश्नाकडे: दरोडेखोर की क्रांतिकारक. इंग्रजी कागदात ‘दरोडेखोर’ असणारच, कारण ज्याची राखणदारी सरकारने मान्य केली नाही, त्याने घेतलेला राखणीचा हक्क सरकारच्या लेखी लूटच. 1817 ला जे देणं होतं ते 1820 ला खंडणी ठरलं, आणि घेणारा माणूस तोच. हा शब्द पुढे माणसांच्या अंगाला चिकटवला गेला, गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून अख्ख्या समाजांच्या कपाळी लिहिला गेला. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. विमुक्त म्हणजे त्या कायद्यातून 31 ऑगस्ट 1952 ला मोकळे झालेले. गाव राखणाऱ्याला जन्मजात चोर ठरवायला शंभरेक वर्षं पुरली. घरात तुम्ही ‘क्रांतिकारक’ ऐकलंत, तेही बरोबर आहे, पण 1831 च्या उमाजीला. 1826 च्या उमाजीला मी तो शब्द लावणार नाही. त्याला त्याच्या बापाची जागा परत हवी होती. हे म्हटल्याने तो लहान होत नाही. उलट ज्याचं भांडण एका किल्ल्यापुरतं होतं तो पाच वर्षांत अख्ख्या मुलखाचा महसूल बंद करा म्हणतो, हा प्रवास जास्त मोलाचा आहे.

आणि आता तुमचा वर्ग 6-ब. इंग्रजांनी इनामांची वर्गवारी केली तेव्हा सरंजाम (सरदारांच्या जहागिरी) वर्ग 1 मध्ये गेले, देवस्थानं वर्ग 3 मध्ये. गावच्या कनिष्ठ, पण सरकारला उपयोगी पडणाऱ्या चाकरीबद्दलच्या जमिनी, म्हणजे महार आणि रामोशी वतनं, 6-ब मध्ये. ही कनिष्ठ गाववतनं 1958 च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी बहुधा नजराण्याच्या (सरकारला भरायच्या रकमेच्या) अटीवर वतनदारांना परत मिळाल्या, म्हणून शेरा कागदावर मागे राहतो. तुम्ही तहसील कचेरीतून जुने फेरफार आणि कडईपत्रक काढा, शक्य असेल तर भूमी अभिलेखकडून पहिल्या मोजणीचं आकारबंद मागा. क्षेत्र बघा, फार मोठं नसेल. मग गावात म्हाताऱ्यांना त्या तुकड्याचं नाव विचारा. सर्व्हे नंबराच्या आधीची नावं अजून बोलण्यात टिकून असतात. राखणीच्या जमिनींना पुष्कळदा त्या कामाचंच नाव असतं. मोडीतला एखादा कागद निघाला तर फोटो पाठवा, घडीवर टेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.